माखणं राहिलं, न्हाणं सुटलं

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात तीन पिढ्या आणि चार तेलं. बहात्तर वर्षांच्या सासूबाई हातापायांना तिळाचं तेल चोळतात. ताई स्वतः रात्री तोंडाला खोबरेल लावून झोपतात आणि गेल्या चार-पाच महिन्यांत त्यांचं कपाळ नि कानशिलं काळवंडली आहेत. सतरा वर्षांच्या लेकीला पुळ्या आहेत. ती मोबाइलवर बघून ऑलिव्ह तेलात टी ट्रीचे थेंब टाकून लावते. जावेचं बाळ दीड महिन्याचं आहे आणि मालिशवाल्या मावशींचा मोहरीच्या तेलासाठी आग्रह आहे. शेवटचं वाक्य त्यांच्याच शब्दांत देते: "झाडाचं तेल आहे, केमिकल नाही, मग नुकसान कसं होईल? की सगळंच बंद करू?"

ताई, सगळं बंद करू नका. सासूबाईंचं तर अजिबात नको. पण चौघांना चार वेगळी उत्तरं द्यावी लागतील, आणि त्यात मला सगळ्यांत जास्त काळजी तुमच्या कपाळाची वाटते. त्याकडे येतेच.

आधी तुमच्या त्या "झाडाचं" या शब्दाबद्दल. मी सव्वीस वर्षं मुंबईत त्वचारोग बघते आहे, आधी महापालिकेच्या रुग्णालयात आणि आता दादरच्या छोट्या दवाखान्यात. या काळात अंगावरचे सगळ्यांत भयंकर फोड मी पाहिले ते बिब्ब्याचे. टाचेच्या भेगेत, सांध्यावर, कुठे कुठे दृष्ट लागू नये म्हणून बिब्ब्याचं तेल टेकवतात. त्याच रसाने धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करत. "बिब्बा उतला" असं आपण म्हणतो ना, ती त्या रसाची त्वचेवरची प्रतिक्रिया असते: सूज, लस आणि नंतर महिनोन्‌महिने राहणारा काळा डाग. कुणाच्या चांगल्या कामात "बिब्बा घालणं" हा वाक्प्रचार उगाच नाही आला. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. मे महिन्यात गावाहून परतलेल्या पोरांच्या ओठाजवळ आंब्याचा चीक उतलेला असतो, तो याच जातीचा प्रकार. काजूच्या टरफलातलं तेलही तसंच चामडी सोलणारं. सगळं शंभर टक्के झाडाचं.

दुसरं उदाहरण बावचीचं. कोडावर लावायला काष्ठौषधीच्या दुकानातून लोक बावचीचं तेल आणतात. बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. त्वचेवर सोरालेन आणि वर ऊन, अशी गाठ पडली की त्वचा भाजते. सोरालेनचा उपचार आम्हीही करतो, पण मात्रा मोजून आणि प्रकाशाचा वेळ घड्याळ लावून. एक तरुण मुलगा बावचीचं तेल लावून मरीन ड्राइव्हवर दुपारभर बसला होता. "डाग लवकर भरावा" म्हणून. त्याच्या हातावर पाण्याने भरलेले फुगे होते. लिंबाचा रस तोंडाला लावून उन्हात जाणाऱ्यांचं याच जातीचं काहीसं होतं.

म्हणून "झाडाचं की केमिकलचं" हा प्रश्न मी बाजूला ठेवते. मी तीन गोष्टी विचारते: कुठल्या जागेवर, कुठल्या ऋतूत, आणि किती वेळ. यातल्या तिसऱ्या प्रश्नावर मुंबईत सगळं बिघडतं.

आपल्याकडे न्हाऊ-माखू घालणं हा जोडशब्द आहे. तेल माखायचं आणि मग न्हायचं. नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल, त्यावर उटणं, मग कढत पाणी. तेल अंगावर राहायचं अर्धा तास, फार तर तासभर. उटण्यातली माती, चंदन, वाळा, आंबेहळद यांची पूड जास्तीचं तेल ओढून घ्यायची. त्वचेवर उरायचा तो एक पातळसा थर, तेवढाच हवा असतो. आता काय झालंय, माखणं तेवढं राहिलं आणि न्हाणं सुटलं. "रात्रभर ठेवा, सकाळी चमक बघा" असं प्रत्येक व्हिडिओत सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, घाम वाळत नाही, खोलीत पंखा गरगरतो आणि तोंडावर तेलाचा जाड थर. त्याखाली घामाची नि केसांच्या मुळांची तोंडं दबतात. मग घामोळं येतं, केस्तूड होतं, पुळ्या येतात. माझ्याकडे तेलामुळे म्हणून जे पेशंट येतात, त्यांतल्या बहुतेकांचं तेल वाईट नसतं, ते उतरवलेलं नसतं.

तेल त्वचेवर करतं काय, हे एकदा नीट समजून घेतलं की बाकीचं सोपं जातं. त्वचेचा सगळ्यांत वरचा थर कोकणातल्या चिऱ्यांच्या भिंतीसारखा समजा. मेलेल्या पेशी म्हणजे चिरे, आणि मधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) असे स्निग्ध पदार्थ. चुना गळला की आतलं पाणी उडून जातं नि बाहेरचं नको ते आत शिरतं. वनस्पती तेल या भिंतीच्या वरच्या काही थरांत बसतं. "त्वचेने तेल पिऊन टाकलं" असं आपल्याला वाटतं, पण ते फार खोल जात नाही. तेलात पाणी नसतं, त्यामुळे ते ओलावा देऊ शकत नाही. आहे तो उडून जाऊ नये एवढंच बघतं. म्हणून कोरड्या ठणठणीत पायावर तेल चोळण्यापेक्षा आंघोळीनंतर अंग टिपून, किंचित ओलं असताना दोन-चार थेंब लावणं कितीतरी बरं. आणि खरं सांगायचं तर पाणी अडवण्याच्या कामात साधं पेट्रोलियम जेली कुठल्याही वनस्पती तेलाच्या पुढे आहे. ते खनिज तेलातून येतं म्हणून त्याचा तिरस्कार करणारे लोक मला रोज भेटतात. असो.

तेलातेलांत फरक पडतो तो मुख्यतः स्निग्धाम्लांनी. त्यातली दोन नावं लक्षात ठेवा, लिनोलिक आणि ओलिक. लिनोलिक आम्ल आपल्या त्वचेच्या त्या चुन्याचाच एक घटक आहे. ओलिक आम्ल उलट त्या चुन्याची रचना ढिली करतं. औषध त्वचेतून आत जावं म्हणून औषधशास्त्रात ते मुद्दाम वापरतात. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलिक असतं. ऑलिव्हमध्ये ओलिकचं राज्य. इंग्लंडमध्ये शेफिल्डला २०१३ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला: १९ प्रौढ माणसं, हाताच्या पुढच्या भागावर रोज दोनदा ऑलिव्ह तेलाचे सहा-सहा थेंब, चार-पाच आठवडे. ऑलिव्ह लावलेल्या जागी त्वचेची भिंत कमकुवत झाली आणि थोडी लाली आली. ज्यांना इसबाची (एक्झिमाची) तक्रार पूर्वी कधीच नव्हती त्यांनाही. सूर्यफुलाच्या तेलाने भिंत शाबूत राहिली. माणसं थोडी होती हे खरं, पण कोरड्या किंवा इसबाच्या त्वचेला ऑलिव्ह लावू नका असं मी तेव्हापासून सांगते. लोकांना वाईट वाटतं, कारण बाटली महाग असते. त्यांना मी करडईची आठवण करून देते. सोलापूर-मराठवाड्याकडचं आपलं जुनं करडईचं तेल, त्यात लिनोलिकचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास. माझ्या आजोळी तेच स्वयंपाकात आणि तेच अंगाला. फक्त आता करडई आणि सूर्यफूल दोन्हींची "हाय ओलिक" तेलं बाजारात आहेत, तळणाला टिकाऊ म्हणून. अंगासाठी घेताना ती नकोत. बाटलीवर बघून घ्या.

खोबरेलाचं गणित निराळं. त्यात लिनोलिक जेमतेम एक-दोन टक्के, आणि जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल. साधारण चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं. मुंबईत बाटलीतलं खोबरेल थिजलेलं दिसण्याच्या सकाळी वर्षातून मोजक्याच, आणि त्याच दिवसांत त्वचेला तेलाची खरी गरज असते! लॉरिक आम्ल काही जिवाणूंना मारक आहे. इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू ठाण मांडून बसतो. फिलिपाइन्समधल्या २००८ च्या अभ्यासात व्हर्जिन खोबरेलाने तो ऑलिव्हपेक्षा चांगला हटला. तिथलाच २०१४ चा अभ्यास ११७ मुलांवरचा: सौम्य ते मध्यम इसब, आठ आठवडे. खोबरेल लावलेल्या मुलांच्या इसबाची तीव्रता सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली, खनिज तेल (लिक्विड पॅराफिन) लावलेल्यांची ३८ टक्क्यांनी. म्हणून अंगावरच्या कोरड्या इसबाला, फुटून लस येत नसेल तर, खोबरेल मी आनंदाने लावू देते. केसांसाठीही त्याची बाजू भक्कम आहे. २००३ सालच्या एका प्रयोगात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्याआधी लावलेल्या खोबरेलानेच केसांतलं प्रथिन कमी गेलं, कारण त्याचे रेणू लहान आणि सरळ, ते केसात शिरतात. हा प्रयोग मुंबईतल्याच खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतला होता, हेही सांगायला हवं. तरी निष्कर्ष पटण्यासारखा आहे. आणि बघा, तिथेही "धुण्याआधी" आलंच.

चेहऱ्याचं मात्र वेगळं. पुळ्यांची प्रवृत्ती असलेल्या चेहऱ्याला खोबरेल नको. छिद्रं बुजवण्याच्या ज्या क्रमवाऱ्या तुम्ही वाचता, "हे तेल शून्य, ते तेल चार", त्यांचा उगम बराचसा सशाच्या कानावरच्या चाचण्यांत आहे, त्यामुळे आकड्यांवर मी जीव टाकत नाही. पण वीस-पंचवीस वर्षांत डोळ्यांनी जे पाहिलं ते असं, की केसांना भरपूर तेल लावणाऱ्या मुलींच्या कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक बारीक दाणे उठतात. कपाळावरचे दाणे बघून मी आधी उशीचा अभ्रा विचारते, मग आहार. अभ्रा पिवळा नि तेलकट असेल तर निदान अर्धं झालं.

तर लेकीबद्दल. ऑलिव्ह बंद. टी ट्रीचा मुद्दा जरा समजावून सांगा तिला, ती ऐकेल. नावात तेल असलं तरी ते आपल्या खोबरेल-तिळाच्या जातीचं नाही. कागदावर एक थेंब खोबरेलाचा आणि एक निलगिरीचा टाकून ठेवा; खोबरेलाचा डाग तसाच राहील, निलगिरीचा उडून जाईल. टी ट्री, लव्हेंडर, निलगिरी, पुदिना ही सगळी उडून जाणारी सुगंधी द्रव्यं, झाडाच्या कितीतरी किलो पाल्यातून वाफेने काढलेला अर्क. टी ट्रीचा पुळ्यांना उपयोग होतो, हे खोटं नाही. ऑस्ट्रेलियात १९९० साली १२४ जणांवर अभ्यास झाला, ५ टक्के टी ट्री विरुद्ध ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे पुळ्यांवरचं नेहमीचं औषध. टी ट्रीने पुळ्या उतरल्या, पण सावकाश. त्वचेचा त्रास मात्र कमी झाला. लक्षात घ्या, पाच टक्के, मोजून बनवलेलं जेल. तुमची लेक थेंब मोजते का? शिवाय उघडून ठेवलेल्या बाटलीत हवा लागून या द्रव्यांचं ऑक्सिडीकरण होतं आणि तयार होणारे नवे पदार्थ ॲलर्जीसाठी मूळ द्रव्याहून वाईट. जुनी बाटली म्हणजे जास्त धोका. तिला सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, रात्री डॉक्टरांनी दिलेलं जेल, आणि तोंडाला तेल शून्य. पुळ्या खोल, दुखऱ्या असतील तर थांबू नका, दाखवा. डाग-खड्डे पडल्यावर माझ्या हातात फार काही राहत नाही.

आता तुमचं कपाळ.

कपाळ आणि कानशिलं काही महिन्यांत करडी-तपकिरी काळवंडतात, खाज फारशी नसते, फोड येत नाहीत, म्हणून माणूस त्याला "ऊन लागलं" किंवा "वांग आला" म्हणतो. वांग असूही शकतो. पण त्या जागा मला संशयास्पद वाटतात, कारण केसांना लावलेलं घामाबरोबर नेमकं तिथेच उतरतं. त्वचेला एखाद्या द्रव्याची मंद ॲलर्जी असेल तर दरवेळी लाल चट्टा येतोच असं नाही. आपल्या गव्हाळ त्वचेत ती आतल्या आत रंग सांडत राहते. गुन्हेगार बहुतेकदा शुद्ध खोबरेल नसतं. तेलातला सुगंध असतो, रंग असतो, केसांचा कलप असतो, कधी कुंकू किंवा टिकलीचा डिंक असतो. सुगंधी आवळा तेलं आणि मोहरीचं तेल यांचा अशा काळवंडण्याशी संबंध आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवला आहे. पेशंट म्हणतात, "डॉक्टर, हेच तेल मी दहा वर्षं लावते." ॲलर्जी अशीच असते, पहिल्या दिवशी क्वचितच होते, शरीर तिला ओळखायला वेळ घेतं. त्यामुळे चेहऱ्याला लावता ते खोबरेल साधं आहे की वासाचं, केसांना काय लावता, कलप कुठला, हे सगळं मला बघायला लागेल. तोवर चेहऱ्यावर नि केसांवर वासाचं काहीही नको. घासू नका, लिंबू नको, बेसन-दही चोळून "मळ काढणं" नको. तो मळ नाही. आणि शेजारणीने दिलेली उजळपणाची ट्यूब तर मुळीच नको, त्यात अनेकदा स्टिरॉइड असतं आणि ते प्रकरण तेलापेक्षा शंभर पट वाईट. गरज वाटली तर पॅच टेस्ट करू: पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या ४८ तास चिकटवायच्या आणि काढल्यावर, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघायचं. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, म्हणून मुंबईकर ही टेस्ट मे महिन्यात टाळतात. कारण सापडलं आणि थांबवलं, तरी रंग उतरायला सहा महिने-वर्ष लागतं. धीर धरावा लागेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मुंबईच्या तेलाची चर्चा तिच्याशिवाय अपुरी. पाठीवर, गळ्यावर, दंडावर फिकट पांढुरके ठिपके येतात, त्यांना आपण शिबं म्हणतो. ते मॅलासेझिया नावाच्या बुरशीमुळे येतात, आणि डोक्यातल्या कोंड्यातही हीच बुरशी सामील असते. तिची गंमत अशी की तिला जगायला स्निग्धाम्लं लागतात, स्वतःची ती बनवू शकत नाही. प्रयोगशाळेत तिला वाढवायचं असेल तर माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर देतात! आता सांगा, कोंडा झाला म्हणून डोक्यावर तेल थापून रात्रभर ठेवणारा माणूस काय करत असतो? खपली मऊ होते, दिसेनाशी होते, त्याला वाटतं गुण आला. चार दिवसांनी कोंडा हजर. कोंड्याला आधी औषधी शाम्पू. तेल लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर. शिब्यांवर तेल अजिबात नको. गजकर्णालाही कुठलंच तेल पुरत नाही, करंजाचं नाही नि कडुलिंबाचं नाही. तिथे बुरशीविरोधी औषधाचा पूर्ण कोर्स लागतो.

सासूबाईंकडे येते, कारण तिथे सांगण्यासारखं चांगलं आहे. म्हातारपणी तैलग्रंथी मंदावतात, पोटऱ्यांची त्वचा तडकते, रात्री खाज सुटते. त्यांना तिळाचं तेल मानवतंय तर मानवू द्या. तिळात लिनोलिक नि ओलिक जवळजवळ सारखं, आणि त्याची स्वतःची अशी संरक्षक द्रव्यं आहेत, त्यामुळे ते लवकर खवट होत नाही. दोन बदल करा. एक, पाणी कोमट आणि साबण फक्त काखा, जांघा, पाऊल एवढ्यापुरता. दुसरा, तेल न्हाणीघरात लावू नका. तेलकट टाइलवर घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या आज्या मी जितक्या ऐकल्या आहेत, तितक्या तेलाच्या ॲलर्जीने आजारी पडलेल्या नाहीत. पलंगावर बसून, खाली जुना टॉवेल. टाचांना भेगा असतील तर कोकमाचं तेल, भिरंडेल म्हणतात ते. तुमच्या मुलुंडला नाही मिळालं तर दादर-गिरगावात कोकणी मालाच्या दुकानात बघा. मुठीने वळलेला घट्ट गोळा असतो, कारण त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त आणि ते अंगाच्या उष्णतेच्या आसपासच वितळतं. पळीत गरम करून, कोमट झाल्यावर भेगेत भरायचं, वर मोजे. भेगेच्या कडा त्याने मऊ पडतात, आणि मला हा उपाय कुठल्याही महागड्या फूट क्रीमपेक्षा आवडतो, यात थोडा माहेरचा पक्षपात आहे हे मान्य. पळीतलं तेल बोटाने तपासून घ्या; मधुमेह्यांच्या पायांना चटका कळत नाही. आणि बोटांच्या बेचक्यात तेल नको. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून चिखल्या झाल्या की लोक तिथे खोबरेल भरतात. ती जागा कोरडी हवी असते. तेलाने ती आणखी भिजट राहते.

बाळाचा विषय मात्र मी जपून बोलते, कारण त्यात आज्या, मावश्या, सगळ्यांच्या भावना असतात. मालिश बंद करायला मी कधीच सांगत नाही. बाळाला तो स्पर्श आवडतो, आईलाही थोडी उसंत मिळते. मोहरीचं तेल मात्र नको. मोहरीचा जो झणका नाकात जातो, तोच पदार्थ त्वचेला चावतो. प्राण्यांवरच्या प्रयोगात मोहरीच्या तेलाने त्वचेची भिंत भरून यायला उलट उशीर लागला. भेसळीचीही भीती आहे. मोहरीत पिवळ्या धोतऱ्याचं बी मिसळलं गेलं तर त्याचं विष अंगात भिनतं, पाय सुजतात, हृदयावर परिणाम होतो. १९९८ साली दिल्लीत त्याने साठाहून अधिक माणसं गेली. ती खाण्यातून झालेली विषबाधा, पण अंगाला चोळलेल्या भेसळीच्या तेलातून झाल्याच्याही नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

मग कुठलं? अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल आपल्याच शहरातला दाखला देते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ साली खोबरेल आणि खनिज तेल यांच्या मालिशीची तुलना प्रसिद्ध केली. खोबरेलाच्या गटातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन जास्त वेगाने वाढलं. त्याच वर्षी ढाक्यातल्या अभ्यासात फार लवकर जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. ती बाळं दवाखान्याच्या देखरेखीत होती, हे विसरू नका. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाचं चित्र इतकं साधं नाही. मँचेस्टरला ११५ नवजात बाळांवर ऑलिव्ह, सूर्यफूल आणि काहीच नाही असे तीन गट केले, २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दोन्ही तेलांच्या गटांत त्वचेत ओलावा जास्त होता, पण त्या "चुन्याची" नैसर्गिक जडणघडण तेल न लावलेल्या बाळांपेक्षा मागे राहिली. याचा अर्थ मी असा घेते: तुमच्या पुतण्याला तेलाची वैद्यकीय गरज नाही, हौस आहे. हौस जरूर करा, थोड्या साध्या खोबरेलाने, हलक्या हाताने, आंघोळीच्या आधी, आणि मग न्हाऊ घाला. तेल पुसलं गेलं पाहिजे.

मावशींना चार गोष्टी प्रेमाने सांगा. नाकात, कानात तेल सोडायचं नाही. नाकातलं तेल फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो आणि तो प्रतिजैविकाने जात नाही. टाळूवर तेल "भरायचं" नाही. टाळू तेलाने भरून येत नसते, ती आपल्या वेळेने मिटते. सर्दीला खोबरेलात कापूर घालून छातीला चोळणं बंद; कापूर त्वचेतून शोषला जातो आणि तान्ह्या बाळाला त्याने झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलाला कापूर नकोच, आणि ठेचलेली लसूण तर त्वचा जाळते. पिठाचा गोळा चोळून लव काढणंही राहू द्या, त्याने फक्त पुरळ येतं. शेंगदाणा तेलाबद्दल एक सावधगिरी: इंग्लंडमधल्या २००३ च्या अभ्यासात, ज्या बाळांच्या त्वचेला शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली होती त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. इसबाने फुटलेल्या त्वचेवर तर ते नकोच. लाकडी घाण्याच्या तेलात प्रथिनांचा अंश रिफाइंडपेक्षा जास्त असतो, म्हणजे ॲलर्जीच्या बाबतीत घाण्याचं तेल अधिक सुरक्षित ही समजूत उलटी आहे.

विकत घेताना फार डोकं चालवायला नको. खोबरेलाच्या बाटलीवर "खाद्यतेल" लिहिलेलं असतं, यावरून बरेच जण गोंधळतात. तो कराचा वाद होता, डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिटला. तुमच्यासाठी त्याचा उपयोग एवढाच की साधं खाण्याचं खोबरेल अंगाला चालतं आणि त्यात वरून घातलेला वास-रंग नसतो. लहान बाटली घ्या, खिडकीत ठेवू नका, खवट वास आला की दिव्याला वापरा. नवं तेल कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा, सात दिवस लावून बघा आणि मगच बाकी अंगाला. ताज्या भाजल्यावर तेल नाही, वीस मिनिटं नळाचं पाणी. तेलाने सनस्क्रीनचं काम होत नाही. काचपात्रातल्या चाचणीत खोबरेल-ऑलिव्हचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, सात-आठच्या घरात आला, प्रत्यक्ष अंगावर त्यावर भिस्त ठेवता येत नाही. रंगपंचमीला मात्र खेळण्याआधी हातापायांना खोबरेल जरूर लावा, रंग सुटायला सोपं जातं. आणि एक गोष्ट लाजेने कुणी विचारत नाही म्हणून सांगते: कुठलंही तेल लावलं तर लेटेक्सचा निरोध फाटतो. तिथे पाण्याचं जेल वापरा.

तुम्ही या गुरुवारी किंवा शनिवारी संध्याकाळी या. कपाळाचे आधीचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर शोधून ठेवा, मागच्या दिवाळीतलेसुद्धा चालतील. केसांची, तोंडाची, कलपाची अशी सगळी पाकिटं नि बाटल्या पिशवीत भरून आणा, संपलेल्या आणि फेकायला काढलेल्यादेखील. लेकीलाही बरोबर आणा, तिची टी ट्रीची बाटली घेऊन.